मुक्काम पोस्ट 'अ'

कागद फेकून देणे हे मराठी मध्यमवर्गीयाच्या रक्तात नाही. विजेचे बिल भरले की पावती तारेला. लग्नपत्रिकेची कोरी बाजू वाण्याच्या यादीला. वाण्याची यादी संपली की तिची घडी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली. आमच्या घरी १९७१ सालची रॉकेलची पावती आहे. रॉकेल संपले, स्टोव्ह गेला, तो दुकानदारही गेला, पावती आहे. सौभाग्यवती दर दिवाळीला विचारतात, "अहो, ही टाकू का?" आणि मी दर दिवाळीला म्हणतो, "असू दे, लागेल."

'पुराभिलेखागार' असा एक भारदस्त शब्द सरकारने तयार करून ठेवला आहे. तो उच्चारायचा म्हणजे आधी पाणी पिऊन घ्यावे लागते. त्याचा सुबोध मराठीत अर्थ एवढाच: 'असू दे, लागेल'. आणि या पंथाचे आमच्या पुण्यातले एक मोठे देवस्थान म्हणजे येरवड्याचे डेक्कन कॉलेज.

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. डेक्कन कॉलेज डेक्कनवर नाही. रिक्षात बसून नुसते 'डेक्कन' म्हणालात तर जिमखान्यावर उतराल आणि परत निम्मे पुणे ओलांडून नदीपलीकडे जाल. शिवाय पुण्यात "जरा येरवड्याला जाऊन येतो" असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोनच इमारती उभ्या राहतात. एक उंच भिंतींची, दुसरी वेड्यांची. तिसरी इमारत कुणाला आठवतच नाही. ती दगडी आहे, विलायती थाटाची आहे, आजूबाजूला मोठमोठी झाडे आहेत, आणि तिथे चालणारे काम पाहिले की पहिल्या दोन इमारतींशी तिचे थोडे नाते असावे असे एखाद्या व्यवहारी माणसाला वाटते. ते पुढे येईलच.

या कॉलेजाचा जन्म जेवणावळीतून झाला, असे म्हटले तर फारसे चूक नाही. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली. पुढे ती पेशव्यांनी उचलली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात हजारो ब्राह्मण कोंडून घ्यायचे आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर रक्कम ठेवायची. आत विद्वान किती आणि नुसतेच भुकेले किती याची मोजदाद करणे कठीण. १८१८ साली राज्य गेले आणि ही दक्षिणा इंग्रजांच्या गळ्यात आली. एल्फिन्स्टनसाहेब मोठा धोरणी. बंद करावी तर पुणे खवळेल, चालू ठेवावी तर लंडन खवळेल. तेव्हा रक्कम कमी करून त्यातल्या काही भागातून पाठशाळा काढावी, असा तोडगा निघाला. चॅप्लिनसाहेब तेव्हा दख्खनचे कमिशनर होते. त्यांच्या कारकिर्दीत ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात 'हिंदू कॉलेज' उर्फ संस्कृत पाठशाळा उघडली. ज्या वाड्यात दुसरे बाजीराव ऐष करीत होते त्याच वाड्यात आता पोरे न्याय आणि व्याकरण घोकू लागली. वास्तूचे भोग असतात, दुसरे काय!

त्या पाठशाळेवर पुढे देखरेखीला आले मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण ऐकून असतो. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. त्या कोशाच्या कामात कँडीसाहेबांचा हात होता. पण त्यांचा याहून मोठा पराक्रम असा की मराठीत विरामचिन्हे रुळवली ती त्यांनी. तोपर्यंत मराठी माणूस मोडीत लेखणी न उचलता लिहीत असे आणि बोलतानाही कुठे थांबत नसे. कँडींनी त्याला लिहिताना स्वल्पविराम घ्यायला शिकवले. बोलताना घ्यायला कोणी शिकवले नाही, हे आमच्या सोसायटीच्या सभेला एकदा येऊन गेलात की पटेल.

मग या पाठशाळेचे 'पूना कॉलेज' झाले. तिथे काही वर्षे एडविन अर्नोल्ड नावाचे तरुण साहेब प्रिन्सिपॉल होते. त्यांनी पुढे १८७९ साली बुद्धचरित्रावर 'लाइट ऑफ एशिया' हे काव्य लिहून विलायतेत खळबळ उडवली. पुण्याचे संस्कार वाया जात नाहीत, असे आम्ही म्हणतो. विलायतेचे लोक काय म्हणतात ते विचारलेले नाही.

येरवड्याच्या इमारतीचा पाया १८६४ साली घातला गेला आणि १८६८ साली कॉलेज तिथे राहायला गेले. जमशेटजी जीजीभाई घराण्याने त्यासाठी एक लाख रुपये दिले. हा लाख लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

खरी मजा सुरू होते ती इथून. कॉलेजात कीलहॉर्न नावाचे जर्मन प्रोफेसर संस्कृत शिकवायला होते. जर्मन माणूस पुण्यात येऊन पुण्याच्या शास्त्र्यांसमोर मांडी घालून व्याकरण शिकला आणि पतंजलीचे महाभाष्य संपादून मोकळा झाला. त्यांचे देशबंधू ब्यूलर शिक्षणखात्यात इन्स्पेक्टर होते. शाळातपासनीस गावात आला की मास्तर घाबरतो. हे तपासनीस आले की भटजी घाबरत असावेत. कारण साहेब पाढे कमी विचारी आणि घरात जुन्या पोथ्या आहेत का, हे जास्त विचारी. पोथी असली की विकत घ्यायची, विकायला तयार नसले की नक्कल करवून घ्यायची. सरकार खर्चाला पैसे देत होते. १८७५ साली ब्यूलर थेट काश्मिरात गेले आणि शेकडो पोथ्या घेऊन आले. त्यांतल्या कित्येक भूर्जपत्रावर, शारदा लिपीत. काश्मिरात कागद रुळल्यावर भूर्जपत्राला कोणी विचारत नव्हते. बांधाबांधीला आणि छपरावर घालायला ते वापरीत. म्हणजे तिकडेही कोणी तरी 'असू दे, लागेल' म्हणणारा होता म्हणून त्या पोथ्या वाचल्या. नाही तर एखाद्या ऋचेत लोणी बांधले गेले असते.

ब्यूलर गेले, कीलहॉर्न गेले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. पोथ्या येतच राहिल्या. त्यांना क्रमांक देण्याची पद्धत मला फार आवडते. अमुक क्रमांक 'ऑफ १८७५-७६', तमुक 'ऑफ १८७९-८०'. पोथी भले सहाशे वर्षांची असेल, तिची जन्मतारीख मात्र सरकारी आर्थिक वर्ष! आमच्या एका शेजाऱ्यांची जन्मतारीख अशीच शाळेच्या दाखल्यावर लागलेली आहे.

असा वीस हजारांच्या आसपास संग्रह झाला आणि १९१८ साली, लेक सासरी पाठवावी तसा तो नदी ओलांडून नव्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात गेला. तिथे लेकीने नाव काढले. २००७ साली तिथल्या ऋग्वेदाच्या तीस पोथ्यांना युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या यादीत बसवले. त्यांत ब्यूलरसाहेबांनी काश्मिरातून आणलेली भूर्जपत्रावरची एक आहे. पण येरवड्याचे कपाट रिकामे झाले ते झालेच. माहेर म्हणून कोणी नाव घेत नाही.

वसतिगृहातली टिळकांची खोली मात्र जपून ठेवली आहे. १८७७ च्या सुमाराचे टिळक म्हणजे अजून लोकमान्य नव्हेत. तालीम करून तब्येत कमावणारा, गणितात पहिला वर्ग मिळवणारा पोरगा. त्यांच्या आणि आगरकरांच्या रात्रीच्या वादावादीतून सरकारी नोकरी न करता शाळा काढायची असा बेत ठरला. त्या वसतिगृहातल्या बाकीच्या पोरांची झोप किती मोडली असेल, याचा विचार कोणत्याच चरित्रकाराने केलेला नाही. पुढे इतिहासाचार्य राजवाडे याच कॉलेजात शिकले. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांतच त्यांचा जीव जास्त रमे. त्यानंतर वाईला मराठेशाहीतल्या जुन्या पत्रांचा साठा त्यांच्या हाती लागला आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. तिथून हा माणूस जो हिंडायला लागला तो गावोगाव, वाड्यावाड्यांतून, पडक्या माळ्यांवरून कागद शोधत मरेपर्यंत हिंडत राहिला. कारण उघड होते. कागद घरात निरुपयोगी झाला की त्याच्या पुड्या होतात. आजही माझा रद्दीवाला इंग्रजी पेपरला मराठी पेपरपेक्षा किलोमागे जास्त पैसे देतो. मोडीला काय भाव आहे, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

आणि १९३४ साली तर सरकारने काटकसर म्हणून अख्खे कॉलेजच बंद केले. शंभरावर वर्षांचे कॉलेज, आणि बंद कशासाठी, तर पैसे वाचवायला! आपल्याकडे घरखर्च कमी करायचा ठरला की पहिली कात्री वर्तमानपत्राला लागते. चहाला कधीच लागत नाही. तसेच हे. पण सरकार एक गोष्ट विसरले. या कॉलेजाने ज्यांना वादविवाद शिकवला होता ते सगळे आता वकील झाले होते. माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि तो जीजीभाईंचा लाख पुढे काढला. देणगी कॉलेजासाठी दिली आहे, ते मनाला येईल तेव्हा कसे बंद करता? पाच वर्षांनी, १९३९ च्या ऑगस्टमध्ये, कॉलेज पुन्हा उघडले. या वेळी पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. हसमुख सांकलिया पुरातत्त्वाला, इरावती कर्वे समाजशास्त्राला, सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्राला. कोणत्याही संस्थेने एका दमात इतकी माणसे मिळवावीत याचा मला आजही हेवा वाटतो. मी नोकरी केली त्या कचेरीत एका दमात फक्त बदल्या होत.

त्याच वर्षी साताऱ्याहून एक खजिना आला. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस हे गृहस्थ राजवाड्यांच्याच जातकुळीचे, पण मिठास बोलणारे. राजवाडे कागद भांडून मिळवीत, पारसनीस गोडीने. त्यांनी जमवलेले कागद, चित्रे आणि वस्तू साताऱ्याच्या संग्रहालयात होत्या, त्या डेक्कन कॉलेजात आल्या. त्यांत नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर. नाना १८०० साली गेले. जाईपर्यंत पुण्यात आणि पुण्याबाहेर कोण कुठे काय करतो आहे, याची लेखी खबर त्यांच्याकडे होती. आमच्या वाड्यातल्या एक आजी सोडल्या तर इतकी पक्की माहिती ठेवणारे दुसरे माणूस मी पाहिले नाही. आजींची माहिती मात्र लेखी नव्हती, म्हणून इतिहास मुकला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारखा अभ्यासक तेव्हा कॉलेजात होता. १९४६ साली 'पानिपत : १७६१' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक कॉलेजानेच छापले. पण दप्तर मोडीत, आणि मोडी वाचणारे मोजके. शाळेतून मोडी गेली तेव्हा पोरांना आनंद झाला असेल. दोन-अडीचशे वर्षांचे व्यवहार, भांडणे, कर्जे, लग्ने आणि लढाया त्या दिवशी कुलपात गेल्या, आणि किल्ली थोड्या हौशी माणसांच्या खिशात राहिली.

आता तो येरवड्याचा व्यवहारी माणूस. हे आमचे मेव्हणे. मुंबईला असतात, लोखंडाच्या व्यापारात आहेत, आणि प्रत्येक गोष्टीचा 'टर्नओव्हर' विचारतात. एकदा पुण्याला आले असताना त्यांना मी संस्कृत कोशाचा विभाग पाहायला नेले. त्यांची अपेक्षा एखाद्या जाड पुस्तकाची होती. समोर आल्या लोखंडी कपाटांच्या रांगा. लोखंड दिसल्यावर ते जरा खुलले.

त्या कपाटांच्या खणांत एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या आहेत. १९४८ साली कत्र्यांनी हे काम काढले. ऋग्वेदापासून थेट 'हास्यार्णव' नावाच्या प्रहसनापर्यंत सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथ घ्यायचे, त्यांतला शब्द न् शब्द उचलायचा, एका चिठ्ठीवर शब्द, तो कुठे आला, कोणत्या ओळीत आला, काय अर्थाने आला, हे लिहायचे आणि अकारविल्हे लावायचे. वेद आले, वैद्यक आले, स्वयंपाक आला, हत्तींचे शास्त्र आले. शेवटी विनोदी नाटक आले याचे मला आमच्या धंद्याच्या दृष्टीने समाधान आहे. मग प्रत्येक शब्दाचा अर्थ कोणत्या काळात कसा बदलत गेला ते क्रमाने मांडायचे. म्हणजे शब्दाचे चरित्रच. चिठ्ठ्या लिहिण्यातच पंचवीस वर्षे गेली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या! शास्त्री-पंडितांचा फड रोज बसून टाक आणि पेन चालवीत होता. १९७६ साली डॉक्टर घाटग्यांच्या संपादकत्वाखाली पहिला भाग छापून निघाला.

"मग आता कुठवर आलाय कोश?" मेव्हण्यांनी विचारले.

"पस्तीस भाग झालेत," मी म्हणालो.

"म्हणजे संपतच आला म्हणायचा!"

"'अ' चाललाय."

मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिले. मग कपाटांकडे पाहिले. मग खिडकीतून बाहेर, येरवड्याच्या त्या दुसऱ्या इमारतीच्या दिशेने पाहिले.

"सत्तरहून जास्त वर्षांत एक अक्षर?"

इथे मला माझ्या अक्षराची बाजू घेणे भाग पडले. अहो, 'अ' म्हणजे संस्कृतातले साधेसुधे अक्षर आहे का? सगळा नकार त्याच्या पोटात. पूर्ण म्हटले की त्याचे अपूर्ण तयार. शक्य-अशक्य, न्याय-अन्याय, अर्थ-अनर्थ. चांगल्या शब्दांच्या मागे हा 'अ' सोसायटीतल्या हरकत घेणाऱ्या सभासदासारखा उभाच. त्यात अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग पुन्हा 'अ'चेच भाऊबंद. एकेकाचा गोतावळा शेकडोंनी. 'अ' संपला की डोंगराचा मोठा कडा चढून झाला. पुढे काही अक्षरे तर एका चहात होतील. (हे शेवटचे वाक्य मी मेव्हण्यांसाठी बोललो. कोशकारांना त्यात ओढू नये.)

"आणि परदेशात काय?" मी जोर धरला. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८३८ साली कोश काढला तो १९६१ साली पुरा झाला. याकोब ग्रिम गेला तेव्हा गाडी 'एफ'वर होती. ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश १८८४ साली छापू लागला आणि १९२८ साली संपला. मरेसाहेब १९१५ सालीच गेले होते. लांब कशाला, आमच्या भांडारकर मंदिरातल्या महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ चालली. सुकथनकर मध्येच, १९४३ साली गेले. ज्याने आंब्याची कोय लावली त्याने आंबा खाल्ला नाही, हे या कामात ठरलेलेच. कत्रे गेले, घाटगे गेले. चिठ्ठ्या लिहिणारे किती तरी जण उभा जन्म या खोलीत काढून निवृत्त झाले, आणि 'आ' काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

मेव्हणे गप्प झाले. माझ्या युक्तिवादाने नव्हे. तिथल्या एका बाईंनी एक खण ओढून काही चिठ्ठ्या त्यांच्या हातावर ठेवल्या होत्या. कागद पिवळा पडलेला, कडा मऊ झालेल्या. वरचे अक्षर बारीक, टपोरे, एका रेषेत. खालच्या चिठ्ठीचे अक्षर निराळे, घाईचे, पण काना-मात्रा शाबूत. तिसऱ्यावर कोणी तरी लाल शाईने दुरुस्ती केलेली आणि शेजारी आणखी कोणी तरी त्या दुरुस्तीची दुरुस्ती. मेव्हण्यांना संस्कृतचा गंध नाही. ते शब्द वाचत नव्हते. ते हात ओळखत होते.

आता या चिठ्ठ्यांची चित्रे काढून त्या संगणकावर चढवायचे काम सुरू आहे. ते झालेच पाहिजे. कागद कितीही जपला तरी त्यालाही वय असतेच. पण संगणक चिठ्ठी शोधून देईल. 'अभि'चा कुठला अर्थ आधीचा आणि कुठला मागाहून आला, हे ठरवायला चार ग्रंथ पुढ्यात घेऊन बसणारा माणूसच लागेल. आणि तशी माणसे कपाटात तयार होत नाहीत. त्यांना पंचविसाव्या वर्षी कोणी तरी बसायला जागा आणि महिन्याला पगार द्यावा लागतो. १९४८ साली दिला म्हणून या चिठ्ठ्या आहेत.

परतीच्या वाटेवर मेव्हणे फारसे बोलले नाहीत. संगम पुलापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "आमच्या तीर्थरूपांचं अक्षर अस्संच होतं. दुकानाच्या चोपड्या होत्या, आजोबांपासूनच्या. जागा बदलली तेव्हा रद्दीत दिल्या. वजनावर."

"असू दे," मी म्हणालो. पुढचा शब्द गिळला.

आठ दिवसांनी मुंबईहून फोन आला. हवापाण्याचे बोलणे झाले. बाजार मंदीत असल्याचे झाले. मग जरा घसा खाकरून मेव्हणे म्हणाले, "भाऊसाहेब, मोडी वाचणारं कोणी आहे का हो तुमच्या ओळखीत? गावच्या घरी माळ्यावर एक गाठोडं राहिलंय. रद्दीवाल्यानं तेव्हा घेतलं नव्हतं. कागद फार जुना आहे म्हणाला, वजन भरत नाही."